असईचे गोलंदाज आणि खाल्लेले मीठ

महाभारताच्या भीष्मपर्वात, युद्धाचे शंख वाजण्याआधी, युधिष्ठिर शस्त्रे खाली ठेवून आशीर्वाद मागायला कौरवांच्या सैन्यात जातो. भीष्म त्याला मोकळेपणाने सांगतात की, कौरवांच्या धनाने आपण बांधलो गेलो आहोत. धर्म कोणत्या बाजूला आहे ते त्यांना ठाऊक आहे, तरी ते दुसऱ्या बाजूने लढतात. ज्याचे मीठ खाल्ले त्याला जागावे की सदसद्विवेकाला, हा प्रश्न तिथे सुटत नाही. २३ सप्टेंबर १८०३ रोजी तोच प्रश्न जालना जिल्ह्यातल्या असईच्या शिवारात उभा राहिला.

दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांचा तळ भोकरदनपासून असईपर्यंत पसरला होता. दोनच दिवसांपूर्वी बदनापूरला इंग्रज सेनानी आर्थर वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन यांनी दोन वाटांनी चालून जाण्याचा बेत केला होता. वेलस्लीने मात्र स्टीव्हन्सनची वाट पाहिली नाही. नदीच्या समोरासमोरच्या काठांवर दोन गावे आहेत, म्हणजे मध्ये उतार असणारच, असे ताडून त्याने केळणा नदी ओलांडली.

शिंद्यांच्या कवायती पायदळाचे नेतृत्व हॅनोव्हरच्या पोलमनकडे होते. इंग्रजांचे पायदळ तोफांची रांग ओलांडून पुढे गेले, तेव्हा मेल्याचे सोंग घेऊन पडलेले गोलंदाज उठले, त्यांनी तोफा फिरवल्या आणि पाठमोऱ्या फौजेवर मारा सुरू केला. वेलस्लीला मागे वळून त्याच तोफा दुसऱ्यांदा जिंकाव्या लागल्या. अनेक गोलंदाज तोफांपाशीच संगिनींनी मारले गेले. वेलस्लीची दीड हजारांहून अधिक माणसे मेली किंवा जायबंदी झाली. ९८ तोफा त्याच्या हाती लागल्या. गोलंदाजांचे धनी मात्र निकाल लागण्याआधीच रण सोडून गेले होते.

या गोलंदाजांना शूर म्हणायला कोणी कचरणार नाही. पण ते कोणाला जागले? इंग्रजांकडचे मद्रासी शिपाईही खाल्ल्या मिठालाच जागत होते. दोन्हीकडे एकच धर्म, आणि तोच दोघांना एकमेकांच्या जिवावर उठवत होता.

हा पेच परदेशी अधिकाऱ्यांनाही चुकला नाही. शिंद्यांची चाकरी सोडून येणाऱ्यांना ईस्ट इंडिया कंपनीने पगाराची हमी दिली, आणि बरेच जण गेले. शिंद्यांचा उत्तरेतला सेनापती पेराँ याने तर दिल्ली पडण्याआधीच इंग्रजांचा आश्रय घेतला. १८०४ मध्ये यशवंतराव होळकरांकडच्या व्हिकर्सने इंग्रजांविरुद्ध लढायला नकार दिला. यशवंतरावांनी त्याचा शिरच्छेद केला. १८०२ मध्ये हडपसरला होळकरांच्या विजयात याच व्हिकर्सचा वाटा होता.

असाच आणखी एक परदेशी, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सचा जॉन पार्कर बॉइड, १७८९ मध्ये हिंदुस्थानात आला आणि आपल्या पलटणी त्याने निजाम, पेशवे यांच्या चाकरीला लावल्या. इंग्लंडचा राजा परक्या भाडोत्री फौजा आपल्यावर धाडतो, ही तक्रार त्याच्या देशाने १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातच केली होती. पुढे १८१३ मध्ये क्रायस्लर्स फार्मला तो आपल्या प्रजासत्ताकासाठी लढला आणि हरला. इकडे हिंदुस्थानात ३० डिसेंबर १८०३ च्या सुर्जी-अंजनगावच्या तहात, इंग्रजांशी युद्ध असलेल्या युरोपीय किंवा अमेरिकी सत्तेची माणसे शिंद्यांनी चाकरीला ठेवू नयेत, असे कलमच घातले गेले.

सगळी चर्चा शिपायाच्या निष्ठेभोवती फिरते. ज्याने मीठ दिले त्याच्या कर्तव्याबद्दल कोणी विचारत नाही. शिवाय ते मीठ आले कुठून? १७९८ मध्ये दौलतरावांच्या फौजेचे थकलेले पगार भागवायला सर्जेराव घाटग्यांनी पुण्याच्या सावकारांना आणि श्रीमंतांना छळून पैसा काढला. शेतसारा रयतेच्या घामाचा, आणि त्यावर पोसलेली फौज आपसातल्या भांडणांत खर्ची पडली. भीष्मांनी निदान आपले बंधन कबूल केले होते. शिंदे आणि होळकर यांना रयतेच्या ऋणाचे बंधन कधी जाणवलेच नाही, आणि मराठेशाही बुडण्याचा दोष तोफांपाशी मेलेल्यांवर तसूभरही येत नाही. भोकरदन-जाफराबादच्या शिक्षकांनी असईचा धडा शिकवताना वेलस्लीच्या, म्हणजे भावी वेलिंग्टनच्या, आधी या गोलंदाजांविषयी सांगावे, आणि त्यांच्या पगाराचा पैसा कोणाकडून आला होता, हेही मुलांना विचारावे.