तुकड्यातुकड्यांनी चाललेली वाट



न्यू यॉर्क शहरातील ग्रँड सेंट्रल स्थानकातून निघणाऱ्या उपनगरी मार्गावरची गाडी शनिवार-रविवारी पॉलिंग गावाच्या अलीकडेपलीकडे कुठेतरी, शेतामाळात, एका छोट्याशा फलाटावर थांबते. स्थानकाचे नाव 'अ‍ॅपलेशियन ट्रेल'. सुटीचे दिवस सोडले तर तेथे गाडी थांबत नाही. पाठीवर पिशवी घेतलेली माणसे सकाळी उतरतात, दिवसभर चालतात आणि संध्याकाळच्या गाडीने घरी जातात.

ज्या वाटेवर ती चालतात ती काही दिवसात संपणारी नव्हे. जॉर्जियातील स्प्रिंगर पर्वतापासून मेनमधील कटाडिन शिखरापर्यंत, १४ राज्यांतून जाणारी ही पायवाट सुमारे ३,५०० किलोमीटर लांब आहे. ती सलग चालायला पाच ते सात महिने लागतात. १९४८ साली अर्ल शॅफर यांनी ती एका दमात चालून दाखवली, तेव्हापासून हजारोंनी त्यांचा कित्ता गिरवला आहे.

मग रोज रात्री घरच्या अंथरुणावर झोपणाऱ्याने 'मी ती वाट चाललो' असे म्हणावे का? खरे सांगायचे तर आमचे पहिले उत्तर 'नाही' असेच होते. घर सोडल्याशिवाय कसली आली आहे पदयात्रा!

पण पाच महिने घर कोण सोडू शकतो? ज्याच्या घरी अंथरुणाला खिळलेली आई आहे, ज्याला महिन्याच्या पगारावर मुलांची फी भरायची आहे, तो नाही. त्याने घर सोडले तर आपण त्याला धाडसी म्हणू की बेजबाबदार? विशेष म्हणजे, ज्यांनी १९२१ साली एका लेखातून या वाटेची कल्पना मांडली त्या बेंटन मॅकाय यांच्या डोळ्यांसमोर शहरात राबणारी, थोडीच सुटी मिळणारी माणसेच होती. वाटेचा पहिला नवा तुकडा १९२३ साली खुला झाला, तोही न्यू यॉर्कजवळच्या बेअर माउंटन भागात. रविवारचा प्रवासी हा या वाटेवर आगंतुक नाही, तोच तिचा मूळचा यजमान आहे.

वाटेची देखभाल पाहणारी संस्थाही भेदभाव करीत नाही. सलग चाला किंवा वीस वर्षांत तुकडे जोडा, कोणत्याही क्रमाने, कोणत्याही दिशेने. संपूर्ण वाट चालणाऱ्यांच्या यादीत नाव सारख्याच मानाने लागते. पुरावा मागितला जात नाही. अर्जदाराने आपल्या शब्दावर सांगायचे आणि संस्थेने विश्वास ठेवायचा.

आमच्या मते खरी कसोटी येथे आहे. सलग चालणाऱ्याची वाट कालच्या मुक्कामापासून आपोआप पुढे सरकते. तुकडे जोडणाऱ्याला मात्र सांधे सांभाळावे लागतात, आणि त्याच्या डोक्यावर गाडीच्या वेळेची टांगती तलवार असते. शेवटची लोकल चुकण्याची धास्ती आपल्याला वेगळी सांगायला नको. शिवाय शहरांजवळचे तुकडे गाडीने सहज साधतात. बाकीच्या रानात ना गाडी ना बस, तेथे रजा काढून, कुणाची तरी मोटार मागूनच जावे लागते. (आळशी माणसाचा हा छंद नव्हे, एवढे आम्हाला आता कळले आहे.)

समजा, एके दिवशी ऊन कलले, संध्याकाळची गाडी चुकेल म्हणून एक जण डांबरी रस्त्याच्या तीन किलोमीटर अलीकडूनच मागे फिरला. पुढच्या खेपेस मित्राने त्याला मोटारीने त्याच रस्त्यावर सोडले आणि तो तेथून पुढे चालू लागला. मधले तीन किलोमीटर राहिले. पुढे वर्षे गेली, सगळी वाट झाली, अर्ज समोर आला. ३,५०० किलोमीटरांत ते तीन कोण मोजणार? तेथे ना कडा आहे ना नदी. चार झाडे आणि थोडा चिखल. ते चालायचे तर पहाटे उठायचे, गाडीत जाऊन-येऊन चारेक तास घालवायचे, आणि आधी चाललेली वाट पुन्हा तुडवायची. घरचे हसतील. सही केली तर कुणालाही कळणार नाही, त्याच्या विवेकबुद्धीखेरीज.

शनिवारी सकाळी त्या फलाटावर उतरणाऱ्यांमध्ये एखादा असाही असेल, फक्त तेवढ्या तीन किलोमीटरांसाठी आलेला. परतीची गाडी तेवढी विचारून घेईल आणि चालू लागेल.