घराचे वय आणि घरावरचे देणे



अल्लाहने माणसावर केलेल्या उपकारांची मोजदाद सूरह अन-नहलमध्ये आली आहे. तिच्या ऐंशीव्या आयतीत घराचा उल्लेख आहे. अल्लाहने तुमची घरे तुमच्यासाठी विसाव्याचे ठिकाण केली, असा तिचा आशय. विसाव्यासाठी तेथे आलेला मूळ शब्द ‘सकन’ असा आहे आणि आपल्या रोजच्या बोलण्यातला ‘सुकून’ त्याच धातूपासून आलेला आहे. चार भिंती आणि छप्पर पैशाने उभे करता येते. सुकून मात्र अल्लाहकडून येतो आणि तो येण्याच्या काही अटी आहेत. त्यांपैकी एका अटीविषयी आज लिहायचे आहे. ती अट माझ्या स्वतःच्या घराने मला शिकवली.

कर्जत आणि खालापूर तालुक्यांत हल्ली घराचे वय विचारले जाते ते बहुधा घर पाडायच्या वेळी. मुंबईची लोकल आणि पुण्याकडे जाणारा द्रुतगती मार्ग यांच्या मधल्या या पट्ट्यात जमिनीला भाव आला आहे. गावठाणातली जुनी घरे उतरवून तेथे इमारती आणि सुट्टीचे बंगले उभे राहत आहेत. घर किती वर्षांचे, असे ग्राहक विचारतो, आणि आपण अभिमानाने म्हणतो, ‘शंभराच्या वर.’

घराचे वय ओळखण्याची आमच्या भागातली साधने साधी आहेत. कारवीचा कूड आणि शेणामातीचा गिलावा दिसला म्हणजे घराचा तो भाग बहुधा जुना. मंगलोरी कौले दिसली म्हणजे निदान छप्पर तरी १८६५ नंतरचे, कारण बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा पहिला कारखाना काढला तो त्या वर्षी. कौल उलटे करून पाहिले तर कारखान्याचे नावही वाचता येते. १८५६ मध्ये आगगाडी खोपोलीपर्यंत आली, १८६३ मध्ये बोरघाटाचा मार्ग खुला झाला, आणि त्यानंतर दूरचा माल घाटाच्या पायथ्यापर्यंत येणे सोपे झाले. पुढे पडवी बंद करून खोली काढली गेली, शेणाच्या जमिनीवर शहाबादी फरशी आली, मागच्या बाजूला स्लॅब पडला. एकाच घरात चार पिढ्यांच्या ऐपतीचे थर असे वाचता येतात.

आमच्या घराच्या माजघरातील सागवानी तुळईवर हिजरी १३३८ असा आकडा कोरलेला आहे. इसवी सनात सांगायचे तर १९१९-२०. माझ्या पणजोबांनी ते बांधले. सर आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने १९०४ ते १९०७ या काळात नेरळ-माथेरानची छोटी रेल्वे उभारली. तिच्या कामावर पणजोबा मुकादम होते आणि घामाच्या हलाल कमाईतून त्यांनी हे घर उभे केले, ही कथा आमच्याकडे प्रत्येक ईदला सांगितली जाते. मीही ती लहानपणापासून ऐकली आणि मदरशात असताना मित्रांना सांगितली. त्या कथेत एकही स्त्री नव्हती, हे मात्र माझ्या कधी ध्यानात आले नाही.

घर देऊन टाकण्याचे गेल्या वर्षी ठरले. अब्बा आणि काका दोघे तयार होते. कागद काढण्यासाठी दादांची पत्र्याची पेटी उघडली. ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या पावत्या, नमुना आठचा उतारा, एक जुना नकाशा एवढे मिळाले. उताऱ्यावर मालक म्हणून दादांचे नाव होते आणि त्यापुढे ‘व इतर’ असे दोन शब्द. काकांनी सहज म्हटले, ‘इतर म्हणजे आपणच.’ मी मान डोलावली. त्या रात्री मला झोप आली नाही, कारण दर रमजानमध्ये मिंबरवर उभा राहून मी सूरह अन-निसाची सातवी आयत समजावून सांगतो. आईवडील आणि आप्त जे मागे ठेवून जातात त्यात पुरुषांचा वाटा आहे आणि स्त्रियांचाही वाटा आहे, मग ती मालमत्ता थोडी असो वा जास्त, आणि हा वाटा अल्लाहने ठरवून दिलेला आहे, हा तिचा आशय. मिंबरवरून उतरून घरी आल्यावर ती आयत मी कोठे ठेवीत होतो?

सकाळी वही घेऊन बसलो. पणजोबा वारले तेव्हा पणजी हयात नव्हती; मागे एक मुलगा म्हणजे दादा आणि एक मुलगी, दादांची धाकटी बहीण. मुलाला दोन वाटे, मुलीला एक. म्हणजे घराचा तिसरा हिस्सा त्या बहिणीचा, आणि तो तिला दिल्याची कोठेही नोंद नाही. दादांच्या मागे दादी, दोन मुले आणि दोन मुली. दादीचा आठवा हिस्सा तिच्या पश्चात याच चौघांकडे आला. घराचे नऊ भाग केले तर दादांच्या बहिणीच्या वारसांचे तीन, अब्बांचे दोन, काकांचे दोन आणि दोन्ही फुफींचा एकेक. हिशेब दोनदा तपासला. ज्या घराला शंभर वर्षे ‘आमचे’ म्हटले त्याचे नऊपैकी पाच भाग दुसऱ्यांचे होते. पणजोबांची कमाई हलाल होती यात शंका नाही. तिच्यात आम्ही काय मिसळले, हा प्रश्न होता.

बांधवांनो, हे एका घराचे उदाहरण नाही, हे तुम्हीही जाणता. ‘लग्नात दिले की,’ असे आपण म्हणतो. लग्नात दिलेली भेट ही भेट असते. ती वारसाहक्काची भरपाई होत नाही. ‘बहीण स्वतःच नको म्हणते,’ असेही म्हणतो. तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) मदीनेत आले त्या वेळचा प्रसंग आठवावा. मशिदीसाठी जी जागा त्यांना योग्य वाटली ती सहल आणि सुहैल या दोन अनाथ मुलांची होती. त्यांना बोलावून किंमत विचारली, तेव्हा मुलांनी जागा भेट देण्याची तयारी दाखवली. सहीह बुखारीतील वृत्तांतानुसार प्रेषितांनी (स.) ती भेट म्हणून स्वीकारली नाही, मोल देऊन विकत घेतली. अल्लाहच्या घरासाठीही दुर्बळाचा ‘नको’ त्यांनी चालवून घेतला नाही. आपण तर आपल्या बंगल्यासाठी तो आनंदाने चालवून घेतो.

दुसरा प्रसंग मक्का विजयाचा, हिजरी ८ मधला. सारे शहर हाती आले होते. मक्केत आपण आपल्या घरी उतरणार का, असे हजरत उसामा (रजि.) यांनी विचारले. अकीलने आमच्यासाठी एखादे घर शिल्लक ठेवले आहे का, असा प्रतिप्रश्न त्यांनी केला. घरे विकली गेली होती. ती परत घेण्यास त्या दिवशी त्यांना कोण अडवणार होते? पण ते तंबूत राहिले. ज्या गल्लीत बालपण गेले तेथे विजेता म्हणून येऊन तंबूत राहणे, यातला संयम माझ्यासारख्या वडिलोपार्जित घराच्या अभिमान्याला फार शिकवून जातो.

आता फुफींकडे येतो. थोरल्या फुफी वारल्या आहेत. त्यांची मुले खोपोलीत असतात. वारस मरण पावल्याने त्याचा वाटा नाहीसा होत नाही, तो त्याच्या वारसांकडे जातो, हे त्या मुलांना सांगितले तेव्हा ती चकित झाली. धाकट्या फुफी खालापूर तालुक्यात दिल्या आहेत. त्यांच्याकडे गेलो. विषय काढताच त्या म्हणाल्या, ‘बेटा, मला घर काय करायचे? तुम्ही दार उघडे ठेवा, पुरे.’ मी हेच वाक्य असंख्य बहिणींच्या तोंडून ऐकले आहे आणि त्याला बहिणीची माया समजत आलो आहे. त्या दिवशी त्यातली भीती प्रथम ऐकू आली. हक्क मागितला तर माहेरचे दार बंद होईल, असे या वाक्याचे दुसरे अंग आहे. मनापासूनच्या संमतीशिवाय कोणाचे धन दुसऱ्याला हलाल होत नाही, ही हदीस आपल्याला पाठ आहे. जी संमती दार मिटण्याच्या धास्तीतून आली तिला मनापासूनची कसे म्हणावे? आमचे उस्ताद सांगत, की बहिणीचा वाटा आधी तिच्या हातात ठेवा, तो तिच्या घरी राहू द्या, त्यानंतर तिने काही परत दिले तर ती तिची देणगी. मी फुफींना म्हटले, ‘समजा, पैसे तुमच्या हातात ठेवले. मग काय कराल?’ त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, ‘आधी वरचे पत्रे बदलीन. दोन पावसाळे झाले, गळतायत.’

मी वर पाहिले. छताखाली जागोजागी प्लास्टिक बांधलेले होते.

कायद्याचा दाखलाही येथे दिला पाहिजे. १९३७ च्या शरीयत अधिनियमाने शेतजमीन वगळता इतर मिळकतीच्या वारसाला शरीयत लागू केली. तो कायदा यावा म्हणून जी मागणी झाली तिच्यामागे एक मोठे कारण हे होते, की अनेक ठिकाणी रूढीच्या नावाखाली मुस्लिम मुलींना वारशातून वगळले जात होते. शरीयतच्या रक्षणासाठी सभा भरवणाऱ्या आपण मंडळींनी आपापल्या घरच्या उताऱ्यावरील ‘व इतर’ एकदा वाचून पाहावे. मी हे स्वतःला बाहेर ठेवून म्हणत नाही. शिवाय २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनने मोजणी करून मालमत्ता पत्रके दिली जातात. त्या पत्रकावर आज जी नावे लागतील तीच पुढच्या पिढीला सत्य वाटतील. मोजणीच्या वेळी बहिणींची नावे सांगणे अगदी सोपे आहे. नंतर ती शोधत फिरावे लागते.

वीतभर जमीन अन्यायाने बळकावणाऱ्याच्या गळ्यात कयामतच्या दिवशी सात जमिनींचा तोक पडेल, ही हदीस हजरत सईद बिन जैद (रजि.) यांनी सांगितली आहे. अरवा नावाच्या स्त्रीने त्यांच्यावरच जमीन बळकावल्याचा आरोप केला होता. हे ऐकलेले असताना मी तिची जमीन कशी घेईन, असे त्यांचे उत्तर होते. वीतभर जागेचा हा हिशेब असेल तर नऊपैकी पाच भागांचा किती?

काही जण विचारतील, मग जुने घर पाडूच नये काय? तसे नाही. प्रेषितांच्या (स.) पत्नींच्या खोल्या कच्च्या विटांच्या आणि खजुराच्या फांद्यांच्या होत्या. हसन बसरी (रह.) लहानपणी तेथे हात उंच करीत तर तो छताला लागे. पुढे खलीफा वलीदच्या काळात मशिदीच्या विस्तारासाठी त्या खोल्या पाडल्या गेल्या, तेव्हा सईद बिन मुसय्यिब (रह.) यांनी हळहळ व्यक्त केली, की त्या राहिल्या असत्या तर प्रेषित (स.) किती थोडक्यात समाधानी होते हे लोकांनी पाहिले असते. घर राहावे की जावे याचा निर्णय गरजेनुसार होतो. हक्काचा निर्णय मात्र आधीच झालेला आहे.

आणि वेळ आहे, असे कोणी समजू नये. १९ जुलै २०२३ च्या रात्री आपल्याच खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या पायथ्याची ठाकर बांधवांची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. सत्तावीस मृतदेह हाती लागले. सत्तावन्न माणसे बेपत्ता असतानाच शोध थांबवावा लागला. या आपत्तीला कोणी शिक्षा म्हणू नये. झोपेत गेलेल्या गरिबांविषयी असे बोलणे हा उद्धटपणा आहे. मला इतकेच दिसते, की घर आधी जाईल की आपण, हे अल्लाहखेरीज कोणाला ठाऊक नाही. घर अजून उभे आहे, वाटणी पुढे पाहू, हे म्हणणे म्हणून धाडसाचे आहे.

आमचा सौदा आम्ही थांबवला. काका काही दिवस माझ्याशी बोलले नाहीत. नंतर एका शुक्रवारी नमाजनंतर त्यांनीच विचारले, ‘दादांच्या बहिणीचे कोणी सापडले का?’ ती कल्याणला दिली होती, एवढेच अब्बांना आठवत होते. आता तिचा एक नातू मुंब्र्याला असल्याचे कळले आहे. आणखी भावंडे आहेत, पत्ते मिळवून देतो, असे तो म्हणाला. पावसाळ्यापूर्वी कौले चाळून घेतली. राहतो आम्ही, म्हणून तो खर्च आम्हीच केला. फुफींच्या पत्र्यांसाठी अब्बांनी रक्कम पोहोचवली, ती उसनी किंवा मदत म्हणून नव्हे, तर तिच्या भागापोटी, आणि तसे लिहून दिले. वहीत मी नऊ रकाने आखले आहेत. त्यांपैकी तीन अजून कोरे आहेत.