गोऱ्ह्याचं देणं

गाय व्याली की गोठ्याबाहेरून पहिला प्रश्न येतो, "काय झालं?" आतून "कालवड" असं उत्तर गेलं तर चहाचं आधण चढतं. "गोऱ्हा" म्हटलं की विचारणारा "बरं" म्हणतो आणि आपल्या कामाला लागतो. आमच्या नेवासा तालुक्यात वस्ती-वस्तीवर हे असंच चालतं. गोऱ्ह्याचं पुढं काय होतं ते सगळ्यांना माहीत असतं, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. मला त्याबद्दलच बोलायचं आहे, कारण आमचं घर माळकरी आहे.

माळकरी म्हणजे गळ्यात तुळशीची माळ, एकादशीचा उपास, घरात मांस-मच्छी नाही. उसाचा थोडा तुकडा, बाकी मका, घास आणि पावसाळ्यात सोयाबीन. पण घर चालतं ते चार संकरित गाईंवर. दर दहा दिवसांनी दुधाचं पेमेंट येतं, त्यातून किराणा भरला जातो, मुलांच्या फियाही त्यातूनच भरल्या, सासूबाईंची औषधं येतात. उसाचे पैसे कधी येतील ते कारखान्याच्या हातात. दुधाचे मात्र ठरलेल्या तारखेला. तेव्हा दुधाला नावं ठेवायला मी बसलेले नाही. प्रश्न एवढाच की ज्या दुधावर आमचं सात्त्विक घर उभं आहे, ते दूध यायला गाय दरवर्षी व्यायला लागते, आणि निम्म्या वेळा गोऱ्हा होतो. त्याचं काय करायचं? आणि त्याचं जे होतं, त्यात आमची अहिंसा कुठं बसते?

गोऱ्ह्याला काम नाही म्हणतात ते खोटं नाही. पूर्वीच्या खिलार किंवा गावरान गाईला झालेला गोऱ्हा म्हणजे घरचा बैल. त्याला वशिंड असायचं, जू त्याच्यापुढं बसायचं, चैत्र-वैशाखाच्या उन्हात तो दिवसभर नांगर ओढायचा. संकरित गोऱ्ह्याला वशिंड जवळजवळ नसतंच, जू मानेवर टिकत नाही, आणि ऊन वाढलं की जीभ बाहेर काढून धापा टाकतो. शिवाय नांगरट, पाळी, पेरणी सगळं ट्रॅक्टरनं होतं. मणिभाई देसाईंनी १९६७ साली उरुळीकांचनला संकरित गाईंचं काम करणाऱ्या बाएफ या संस्थेची सुरुवात केली, आमच्या जवळच राहुरीच्या कृषी विद्यापीठात गीर, जर्सी आणि होल्स्टिन यांच्या संकरातून फुले त्रिवेणी तयार झाली. या माणसांनी आणि संस्थांनी दुष्काळी पट्ट्यातल्या घराघरात दूध आणलं. ते उपकार मोठे आहेत. पण गाईचं दूध वाढवताना तिच्या पोटी येणाऱ्या निम्म्या जिवांना जागाच उरली नाही, हेही त्याच कामाचं दुसरं टोक आहे.

हिशोब सोपा आहे. वासराला दोन्ही वेळचं मिळून तीन-चार लिटर दूध लागतं. दोन-अडीच महिने पाजलं तर किती झालं ते कुणीही मांडून बघावं. २०२४च्या सुरुवातीला दूध दर इतके पडले होते की सरकारला लिटरमागे ५ रुपये अनुदान द्यावं लागलं. अशा वेळी घरातलं पहिलं दूध तुटतं ते गोऱ्ह्याचं. चीक पूर्ण पाजत नाहीत. मग पाणी घातलेलं दूध, मग नुसतं पाणी. हगवण लागते, डोळे खोल जातात, आणि डॉक्टरला फोन करायला कुणाचा हात उचलत नाही. कुणी मारलं नाही, मेलं. कुणी रात्री येणाऱ्या टेम्पोत देतं. कुणी नगर-संभाजीनगर रस्त्यावर, हॉटेलांच्या आसपास, अंधारात सोडून येतं. सोडणारा परत येऊन हातपाय धुतो आणि हरिपाठाला बसतो. तो ढोंगी नाही. त्यानं सुरी हातात घेतलेली नाही, आणि लहानपणापासून त्याला हेच शिकवलंय की पाप सुरीत असतं.

कायदाही सुरीचाच आहे. १९७६च्या कायद्यानं महाराष्ट्रात गाय आणि तिची वासरं कापायला बंदी आली, मार्च २०१५ पासून बैल आणि वळूही त्यात आले. त्या कायद्याच्या विरोधात मी नाही. माझ्या गोठ्यातलं जनावर कत्तलखान्यात जावं असं मला स्वप्नातही वाटत नाही. पण कायदा जनावराच्या शेवटाचं विचारतो. मधल्या दिवसांत त्याला चीक मिळाला का, सावली मिळाली का, हे विचारणारं कुणी नाही. गोशाळांत जाऊन आले आहे मी. जागा भरलेली, चारा विकतचा, आणि चालवणारी माणसं स्वतःच हात पसरत फिरणारी. सगळ्या तालुक्याचे गोऱ्हे ते कुठं ठेवणार?

आता मी जे सांगणार आहे ते आमच्याच मातीतलं आहे. नेवाशाला, प्रवरेकाठी, खांबाला टेकून ज्ञानेश्वर महाराजांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० साली, गीतेवरची टीका सांगितली. तो खांब आजही आहे, आम्ही त्याला पैस म्हणतो. तेराव्या अध्यायात गीतेत ज्ञानाची लक्षणं येतात, त्यात "अहिंसा" हा एक शब्द आहे. महाराज त्या एका शब्दावर किती वेळ थांबलेत ते पारायणाला बसलेल्याला कळतं. आणि सुरुवात कशानं करतात? अहिंसेच्या नावाखाली चालणाऱ्या हिंसेनं. झाडाच्या फांद्या तोडून त्याच झाडाला कुंपण घालावं, देऊळ पाडून देवाला आवार बांधावं, तशी ती अहिंसा आहे असं ते म्हणतात. पावसासाठी यज्ञ आणि यज्ञात पशू. जीव वाचवायला औषध आणि औषधासाठी मुळासकट उपटलेली, साल सोललेली झाडं. एकालाही सोडत नाहीत. आणि मग खरा अहिंसक कसा असतो ते सांगताना त्याच्या चालण्यापासून सुरू करतात. कमळावर बसणारा भुंगा केसर चुरगळेल या भीतीनं पाय हलका ठेवतो, तसा तो जमिनीवर पाय ठेवतो. पुढं त्याची नजर, त्याचं बोलणं, त्याचे हात. म्हणजे अहिंसा हातात सुरी आहे की नाही यावर संपतच नाही. पाय कुठं पडतो, नजर कुठं वळते आणि कुठून फिरवली जाते, हे सगळं त्यात येतं.

माझ्या डोक्यात हे पारायणात वाचताना आलेलं नाही. वासराला बादलीतून प्यायला शिकवताना आलं. नव्या वासराला बादली कळत नाही. त्याला दूध वर असतं एवढंच माहीत असतं. दोन बोटं त्याच्या तोंडात द्यायची. खाली दात, वर नुसता खरबरीत टाळू. ते चोखायला लागलं की हात हळूहळू दुधात न्यायचा. बोटांच्या कडेनं दूध तोंडात गेलं की ते थबकतं, मग जोरात ओढतं. बोटं काढून घ्यावीत तर तोंड वर करून पुन्हा कास शोधतं, माझ्या कोपराला ढुशी देतं. पुन्हा बोटं, पुन्हा बादली. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आपलं आपण पितं. हे सगळं होताना तो गोऱ्हा आहे की कालवड हे बोटांना कळत नाही. कळतं ते दुधाच्या हिशोबाच्या वहीत. मग दोन वासरांना दोन न्याय लावणारी वही माझ्या धर्माच्या आत आहे की बाहेर?

शेतात राहून हिंसा टळत नाही, हे मला कुणी शिकवायला नको. मृगाच्या आसपास पहिला पाऊस झाला की हुमणीचे भुंगेरे जमिनीतून वर येतात आणि संध्याकाळी कडुनिंबावर, बाभळीवर बसतात. आम्ही सगळी वस्ती बॅटऱ्या घेऊन फांद्या हलवतो, खाली पडलेले भुंगेरे गोळा करून रॉकेलच्या पाण्यात टाकतो. बादल्याच्या बादल्या. नाही टाकले तर त्यांच्या अळ्या उसाची मुळं खातात आणि भाद्रपदात उसाचं बेट हातानं ओढलं तरी उपटून येतं. त्या रात्री मला नीट झोप लागते. मग गोऱ्ह्यासाठीच का लागत नाही? फार दिवस मला वाटायचं की हा नुसता डोळ्यांचा खेळ आहे, मोठे डोळे असलेल्या जिवाची दया येते आणि किड्याची येत नाही. पण तेवढंच नाही. हुमणी आमच्या रानात आपली आपण आली. गोऱ्ह्याला आम्ही बोलावलं. गाय माजावर आली तेव्हा डॉक्टरला फोन करून, पैसे देऊन, सीमेन भरून बोलावलं. त्याच्या आईच्या दुधासाठी त्याला जन्माला घातलं. ज्याला आपण स्वतः बोलावलं त्याच्याशी आपलं नातं लागतं, आणि आल्यावर तो नकोसा झाला म्हणून ते सुटत नाही. दारी आलेल्या अतिथीला न जेवता घालवणारं घर आमच्याकडं वाईट समजतात. बोलावून आणलेल्याला उपाशी ठेवणारं घर काय समजायचं?

जुना काळ सोन्याचा होता असं म्हणणाऱ्यांत मी नाही. सासूबाईंच्या वेळी गोऱ्हे जगायचे, कारण ते लागायचे. पण त्यांना बडवत. पाडून, पाय बांधून, लाकडानं ठेचून. तो आवाज त्यांना या वयातही आठवतो. नाकातून वेसण ओवताना रक्ताची धार लागायची. मग पोळ्याला त्याच बैलाच्या शिंगांना हिंगूळ, अंगावर झूल आणि पुरणपोळीचा नैवेद्य. त्यात खोटेपणा नव्हता असं मला वाटतं. ज्याच्याकडून घेतलं त्याचं देणं लागतो, हे वर्षातून एकदा तरी तोंडावर कबूल केलं जायचं. आता श्रावणी अमावास्येला पुष्कळ घरांत मातीचे बैल पुजतात, कारण दावणीला बैल नाही. गोऱ्हा असतो, पण तो पोळ्यात येत नाही.

वसुबारसेला मात्र तो येतो. आश्विन वद्य द्वादशीला गाय पुजायची ती वासरासकट. वासरू कालवडच हवं असं कुठंही सांगितलेलं नाही. आणि त्या दिवशी आमच्याकडं दूध-तूप खात नाहीत. लहानपणी मला हा नुसता एक नियम वाटायचा. आता वाटतं, ज्यांनी हा दिवस लावून दिला त्यांना पक्कं ठाऊक होतं की दूध आधी वासराचं. वर्षात निदान एक दिवस तरी हात आखडावा. आम्ही घरात तो नियम पाळतो, आणि त्याच संध्याकाळी कॅन भरून डेअरीला पाठवतो. त्यातून मी माझ्यापुरतं ठरवलंय: चीक पूर्ण, तीन महिने दूध पूर्ण, कालवड असो की गोऱ्हा. डेअरीच्या मापात जे कमी येतं ते कमी नाही, ते आमचं नव्हतंच.

मी ज्ञानेश्वर महाराजांचं नाव घेते ते पंडिताई म्हणून नाही. पैठणला त्यांनी कुणाच्या मुखातून वेद बोलवले? रेड्याच्या. दूध न देणाऱ्या, पखाली वाहणाऱ्या नर जनावराच्या. त्याच्या पाठीवर आसूड पडला आणि वळ महाराजांच्या पाठीवर उमटले, अशी कथा आहे. त्या रेड्याची समाधी जुन्नर तालुक्यात आळ्याला आहे, तिथं माणसं डोकं टेकवतात. आमच्या भागात सप्त्याला हजारो माणसं जमतात, आमटी-भाकरीचा प्रसाद होतो, कीर्तनात ही कथा येते आणि सगळे डोळे पुसतात. माझी कीर्तनकार महाराजांना हात जोडून विनंती आहे की कथा रेड्यावर थांबवू नका. ती गोठ्यापर्यंत आणा. समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांच्या दावणीला दूध देणारी गाय आहे. गोमातेची सेवा करा एवढं सांगून भागणार नाही. तिच्या मुलाचं नाव घेऊन सांगा.

मुलगा म्हणतो, "आई, रडून काय होतंय, सीमेन बदल." त्याचं बरोबर आहे. आता कालवडीसाठीचं वेगळं केलेलं सीमेन मिळतं, त्यातून शंभरात नव्वदच्या आसपास कालवडी होतात. महाग पडतं, आणि गाय गाभण राहायचं प्रमाण थोडं कमी. मला आधी त्याचा धसका बसला होता. माणसात मुलगी नको म्हणून जे चाललं होतं त्याला १९९४ साली कायदा करावा लागला, आणि गोठ्यात आपण मुलगा नको म्हणून पैसे मोजायचे? पण विचार करत गेले तसा फरक कळला. तिथं आलेल्या जिवाला परतवत होते. इथं ज्याला ठेवून घ्यायची आपली ऐपत नाही त्याला आपण बोलावतच नाही. उपाशी ठेवण्यापेक्षा, रस्त्यावर सोडण्यापेक्षा हे बरं. दोन गाईंना आम्ही तेच भरलं.

आमच्या चंद्री गाईचं मात्र जमलं नाही. ती सारखी उलटायची, दोनदा महागातलं वाया गेल्यावर डॉक्टरच म्हणाले, वहिनी, हिला साधंच भरू. आता ती पाच महिन्यांची गाभण आहे. मुलाचं म्हणणं, गोऱ्हा झाला तर महिन्याच्या आत ठरवायचं. माझं म्हणणं, तीन महिने पाजायचं आणि मग द्यायचाच झाला तर देणाऱ्या-घेणाऱ्याचं नाव-गाव लिहून, पाळणाऱ्यालाच द्यायचा. तसा माणूस मिळेपर्यंत तो आपल्याच दावणीला. मुलगा विचारतो, "आणि मिळालाच नाही तर?" याचं उत्तर माझ्याकडं तयार नाही. मालक दोघांचं ऐकून घेतात आणि म्हणतात, आधी चाऱ्याचं बघा. मक्याचा मुरघास यंदा दोन महिने आधीच संपणार आहे, म्हणून बांधाकडच्या दहा गुंठ्यांत या आठवड्यात घास पेरायला घेतलाय.