आसीरगडाची शपथ



गेल्या रविवारी मिस्सानंतर युवकमंडळातील दोन मुले मंदिराच्या अंगणात मोबाइलवर खेळत बसली होती. आम्ही सहज जवळ गेलो. खेळात एक काल्पनिक राज्य होते. राजा आजारी, प्रधानाचा डोळा गादीवर, आणि सेनापती कोणाच्या बाजूचा ते कोणालाच ठाऊक नाही. खेळणाऱ्याने तिघांनाही शब्द द्यायचा आणि कोणाचा मोडायचा ते पुढे ठरवायचे. एक मुलगा म्हणाला, "फादर, ह्यात शब्द पाळणारा लवकर मरतो." आम्ही हसलो, पण ते वाक्य मनातून जाईना. कारण असाच खेळ आपल्या शेजारी एकदा खरोखर खेळला गेला आहे.

रावेरहून खांडव्याकडच्या गाडीत बसले की बऱ्हाणपूर लागते. तेथून उत्तरेला सुमारे २० किलोमीटरवर आसीरगड आहे. फारुकी सुलतानांच्या काळी बऱ्हाणपूर ही खानदेशची राजधानी होती आणि हा गड त्यांचा शेवटचा आधार. सुलतान राजा अलीखानाने अकबराचे वर्चस्व मान्य केले होते. १५९७ साली गोदावरीकाठी दख्खनच्या फौजांशी झालेल्या लढाईत तो मोगलांच्या बाजूने लढला. मोगलांचा सेनापती होता अब्दुर रहीम, ज्याचे दोहे आपण शाळेत ऐकले तोच. रात्र पडली, राजा अलीखान कोठे दिसेना. मोगल शिपायांनी मानले की तो शत्रूला मिळाला, आणि त्यांनी त्याची छावणी लुटली. दुसऱ्या दिवशी त्याचे प्रेत रणांगणावरच सापडले. तो इमानाने लढून मेला होता, पण त्याच्या इमानावर त्याच्याच मित्रांचा विश्वास नव्हता.

त्याचा मुलगा बहादूरखान अकबराला दबून राहायला तयार झाला नाही. १६०० साली अकबर स्वतः बऱ्हाणपुरास आला आणि आसीरगडाला वेढा पडला. गड तोफांना दाद देईना. पुढे काय घडले ह्याच्या दोन हकिकती आहेत. अकबराचा इतिहासकार अबुल फजल ह्याच्या मते गडावर रोगराई पसरली, माणसे मेली आणि बहादूरखान शरण आला. येशूसंघीयांची हकिकत निराळी आहे. अकबराने स्वतःच्या शिराची शपथ घेऊन बहादूरखानास बोलणीसाठी खाली बोलावले, सुखरूप परत पाठवीन असे वचन दिले आणि त्याला अडकवून ठेवले. हबशी किल्लेदाराचा मुलगा म्हणाला, "माझे वडील गड देणार नाहीत." त्याला ठार करण्यात आले. मग सोन्याचांदीने गडावरची मने फिरवली गेली. १७ जानेवारी १६०१ रोजी गड पडला. बहादूरखानाची रवानगी ग्वाल्हेरच्या किल्ल्यात झाली.

कोणाचे खरे? इतिहासकारांचे आजही एकमत नाही. अबुल फजल बादशहाचा माणूस होता हे उघड आहे. पण आपल्या येशूसंघीयांचे काय? फादर जेरोम झेविअर, संत फ्रान्सिस झेविअर ह्यांच्या नात्यातले, आणि ब्रदर बेनेदिक्त गोएस हे दोघे तेव्हा अकबराच्या छावणीतच होते. चौलच्या पोर्तुगीजांकडून तोफा मिळवून द्या, असे बादशहाने त्यांना सांगितले. हे आमच्या धर्माविरुद्ध आहे, असे म्हणून फादर झेविअर ह्यांनी नकार दिला. बादशहा संतापला, पण पुढे त्याचा राग निवळला. मात्र काही इतिहासकार विचारतात : पोर्तुगीजांचा खानदेशशी स्नेह होता, गडावर काही पोर्तुगीज लढतही होते, मग नकार सदसद्विवेकाचा होता की पोर्तुगालच्या हिताचा? फादरांच्या अंतःकरणात काय होते ते देव जाणे. आपल्या माणसाला हा प्रश्न विचारलेला आपल्याला आवडत नाही. पण शपथ मोडल्याचा ठपका आपण इतक्या सहज दुसऱ्यावर ठेवतो, तर हा प्रश्नही ऐकलाच पाहिजे.

शत्रूला दिलेला शब्द बांधतो का? संत ऑगस्टीन ह्यांनी बोनिफास नावाच्या सेनानीला लिहिले की ज्याच्याशी युद्ध चालू आहे त्यालाही दिलेले वचन पाळावे. संत थॉमस अक्वायनस एक बारीक भेद करतात. युद्धात आपला बेत शत्रूपासून लपवणे हा दोष नाही. खोटे सांगणे किंवा वचन मोडणे हा मात्र दोषच. यहोशवाच्या पुस्तकातील गिबोनचे लोक आठवा. त्यांनी फाटके कपडे घालून, शिळी भाकरी दाखवून, फसवून करार करून घेतला. फसवणूक उघड झाली, तरी इस्राएलच्या सरदारांनी शपथ मोडली नाही. समोरचा किती खरा हे त्यांनी मोजले नाही. त्यांनी देवाच्या नावाने शब्द दिला होता.

आता आमची गोष्ट. धर्मग्राम मंडळाच्या निवडीच्या वेळी आपल्यात दोन गट पडले होते. आम्ही एका घरी चहा घेतला आणि मान हलवली. दुसऱ्या घरी जेवलो, तेथेही मान हलवली. दोन्ही घरांना वाटले, फादर आपल्या बाजूचे. आम्ही शब्द कोणालाच दिला नव्हता, असे आम्ही स्वतःला समजावले. आपण फक्त बेत लपवला, असेही म्हणून पाहिले. पण त्यांचा गैरसमज आम्हाला दिसत होता आणि तो आम्ही राहू दिला. तत्त्वज्ञान शिकलेल्या माणसाला पळवाटा लवकर सापडतात, एवढेच. ह्या आठवड्यात आम्ही त्या दोन्ही घरी जाणार आहोत.

फत्तेपूर सिक्रीच्या बुलंद दरवाजावर अकबराच्या दख्खन आणि खानदेश विजयाचा शिलालेख आहे. त्यात खानदेशाला शाहजादा दानियालच्या नावावरून दिलेले 'दानदेश' हे नाव येते. आणि त्याच लेखात प्रभू येशूच्या नावाने एक वचन कोरले आहे : हे जग पुलासारखे आहे, ते ओलांडून जावे, त्यावर घर बांधू नये, अशा अर्थाचे. शुभवर्तमानात हे वचन नाही. तरी आपल्या गडाचा विजय आणि आपल्या प्रभूचे नाव एकाच दगडावर आहे, हे वाचून आम्ही थोडे थबकलो.

त्या मुलाला आम्ही अजून उत्तर दिलेले नाही. शब्द पाळणारा कधी कधी लवकर मरतो हे खरे आहे. राजा अलीखान मेला, किल्लेदाराचा मुलगा मेला. पण चारशे वर्षांनी आपण त्यांची नावे आदराने घेतो की विजयी बादशहाच्या शपथेबद्दल शंका घेतो, हे त्याने स्वतःच पाहावे. पुढच्या रविवारी आम्ही त्याच्याशी बोलू. त्याआधी ती दोन घरे.

आपले,
धर्मगुरू