मतभेद आणि मैत्र

सहकाऱ्याशी असहमत होण्याचे धैर्य शत्रूला विरोध करण्यापेक्षा अवघड असते. कारण तिथे निष्ठाच सत्याच्या आड येते. 1956 साली दिल्लीत अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांपुढे हाच पेच होता. मुंबई केंद्रशासित करण्याचा निर्णय मंत्रिमंडळाला विश्वासात न घेता झाला, मुंबईत आंदोलकांवर झालेल्या गोळीबाराची चौकशीही झाली नाही, हे त्यांचे आक्षेप. कुलाब्याच्या या खासदाराने राजीनामा दिला आणि लोकसभेत पंतप्रधान नेहरूंसमोर कारणे स्पष्ट मांडली. हा विरोध निर्णयाला आणि कार्यपद्धतीला होता. ही मर्यादा पाळणे हेच खरे कठीण. पुढे त्याच दिल्लीत ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. आणि ज्या मुंबईवरून हा मतभेद झाला, ती 1960 च्या 1 मे रोजी महाराष्ट्राची राजधानी झाली.