अर्धी राहिलेली गोधडी



आपल्यापैकी कित्येकांच्या घरी जुन्या ट्रंकेत एक अर्धी गोधडी पडून आहे. आईची लुगडी धुऊन थरावर थर अंथरले, कडेने टाके घातले. मग दुसरी कामे निघाली आणि सुई तशीच टोचलेली राहिली. नातवासाठी बेतलेली गोधडी. नातू आता कॉलेजात जातो. आजारी सासूबाईंसाठी घेतलेली; त्या प्रभूकडे गेल्या. प्रेम नव्हते असे नाही. आपण सवडीची वाट पाहत राहिलो.

प्रेषितांची कृत्ये, अध्याय ९ मध्ये यापो गावच्या टबीथाची हकिकत आहे. ती वारली तेव्हा विधवांनी रडत रडत संत पेत्राला तिने शिवलेले अंगरखे व वस्त्रे दाखविली. तिच्या मनातले बेत कुणाला दाखविता आले नसते. शिवून पुरे झालेले कपडेच तिच्या प्रेमाची साक्ष ठरले.

मधले धावदोरे घातले नाहीत तर गोधडीचे थर सरकून गोळा होतात. आपल्या चांगल्या इच्छांचेही तसेच होते.

म्हणून या आठवड्यात ट्रंक उघडू या. रोज रोझरीनंतर दोन ओळी घालू या. टाके वाकडे आले तरी चालतील. जिच्यासाठी बेतली ती व्यक्ती आज नसेल, तर थंडीत कुडकुडणारे दुसरे कुणीतरी आपल्याच आळीत आहे.

हे प्रभो, आम्ही प्रेमाने आरंभिलेले काम वेळेत पुरे करण्याची कृपा आम्हांला दे. आमेन.