बिनपैशाचा सिनेमा आणि मजुरीचा हक्क

सिनेमा काढायला पैसा लागत नाही, हौस लागते, असे म्हणण्याची आपल्याकडे पद्धत पडली आहे. दाखला मालेगावचा दिला जातो. व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी २००० साली ‘मालेगाव के शोले’ केला तो सुमारे ५० हजार रुपयांत. डाकू घोड्यांऐवजी सायकलींवर आले. पुढे ‘मालेगाव का सुपरमॅन’च्या वेळी फिरत्या शॉटसाठी सायकल, क्रेनसाठी बैलगाडी आणि उडण्यासाठी हिरवे कापड. फैजा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ (२००८) या माहितीपटात हे पाहताना हसू येते, अभिमानही वाटतो. २०२५ मध्ये रीमा कागती यांचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ चित्रपटगृहांत लागला, तेव्हा ही गोष्ट देशभर पोचली.

पण अशा स्वस्त सिनेमाच्या हिशेबात काय धरतात? कॅमेऱ्याचे भाडे, कॅसेटी, कपडे. माणसांचे दिवस धरत नाहीत. सुपरमॅन झालेला शफीक शेख यंत्रमागावर काम करणारा होता. २०११ मध्ये तो कॅन्सरने गेला. मागावरची मजुरी विणलेल्या कापडावर मिळते. माग सोडून शूटिंगला उभे राहिले की त्या दिवसाची कमाई बुडते. मालेगावच्या मंडळींना मी दोष देत नाही. तिथे कर्ता आणि कलाकार एकाच गल्लीतले, एकाच तंगीतले, आणि हौस सगळ्यांची. प्रश्न आपल्यासारख्यांचा आहे.

कुणी म्हणेल, दोस्तीत मजुरी कसली? शादीच्या घरी देग उतरवायला आलेल्या शेजाऱ्याला आपण पैसे विचारतो का? विचारत नाही, कारण उद्या त्याच्या घरी आपण जाणार असतो. सिनेमात ही फेड होत नाही. मेहनत दहा जणांची, नाव एकाचे. शिवाय होकार खुशीचा की लिहाजाचा, हेही पाहावे लागते. ज्याला ‘नाही’ म्हणता येत नाही त्याच्या ‘हो’चा कितपत आधार घ्यावा? मजुराच्या हक्काबाबत आपला दीन किती काटेकोर आहे, हे या वाचकांना मी सांगायला नको.

हे मला सुचले ते स्वतःची चूक झाल्यावर. शाळेतल्या मुलांना घेऊन मोबाइलवर वीस मिनिटांची फिल्म केली. मोहल्ल्यातल्या एका बेवा खालांच्या घरात तीन दिवस शूटिंग चालले. खाला शिलाईवर घर चालवतात. आवाज येतो म्हणून तिन्ही दिवस मशीन बंद. पैशाचे विचारले तर म्हणाल्या, “सर, तुम्ही आमच्या पोरांना शिकवता, तुमच्याकडून काय घ्यायचं?” मी ते बिनदिक्कत मान्य केले. नाही म्हणायची सोय त्यांना होती कुठे? त्यांचा नातू माझ्याच वर्गात. पुढे एका स्पर्धेत पाच हजारांचे बक्षीस मिळाले आणि मी त्यातून चांगला माइक घेतला. पुढच्या फिल्मसाठी! माझ्या बायकोने शांतपणे विचारले, “खालांच्या तीन दिवसांचं काय?”

रमजान संपायच्या आधी पाकीट घेऊन गेलो. ही जकात नव्हे, मेहनताना आहे, हे दोनदा सांगितले. खालांनी न मोजता पाकीट मशीनच्या खणात ठेवले आणि विचारले, “ती फिल्म आम्हाला कधी दाखवणार?”

वर्ष होत आले होते. त्यांना ती दाखवायची राहूनच गेली होती.